सर्दी झाली? स्ट्राँग काहीतरी घ्या

नाक गळायला लागलं की थांबून बघायचा अविचार करू नका. थांबून बरं वाटलं तर श्रेय कोणाला देणार? सरळ कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जा आणि ‘अ‍ॅझिथ्रो पाचशे, तीनची स्ट्रिप’ असं ठणकावून अँटिबायोटिक मागा. स्ट्रिपवर एक उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नका, असं ती सांगते म्हणे. 2016 मध्ये सरकारने तिची मोहीमही काढली होती. तुम्ही तिला नक्षी समजा. मेडिकलवालाही तेच समजतो.

सर्दी बहुतेक वेळा विषाणूंची असते आणि अँटिबायोटिक मारतं जिवाणूंना, असला पुस्तकी वाद कोणी घातलाच तर अनुभव पुढे करा. चौथ्या दिवशी गोळी घेतली, सातव्या दिवशी नाक मोकळं! कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं कोणी पुटपुटलं तर सांगा, आमच्याकडे हा कावळा दर पावसाळ्यात बसतो आणि फांदी हमखास मोडते.

शेंबूड हिरवा झाला तर इन्फेक्शन पिकलं, असं जाहीर करा. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका एन्झाइमचा असतो आणि साध्या विषाणूच्या सर्दीतही दिसतो, हे घरात कोणाला कळू देऊ नका. खोकला तर साधारण अडीच आठवडे रेंगाळतोच. पण आपण त्याला एकच आठवडा मंजूर केलेला असल्यामुळे आठव्या दिवशी डॉक्टर बदलावा, पंधराव्या दिवशी पुन्हा बदलावा. तिसऱ्याच्या हाताला हमखास गुण येतो.

डॉक्टर निवडताना मात्र सावध राहा. ‘व्हायरल आहे, आराम करा, पाणी प्या, दम लागला तर लगेच या’ असं सांगून जो फी घेतो, त्याच्याकडे पुन्हा पाऊल टाकू नका. पाणी प्यायला पैसे मोजायचे? दोन-चार पेशंट असे गेले की तोही सुधारतो. त्याला विषाणू कळत नाहीत अशातला भाग नाही; बाहेरचं रिकामं बाकडंही त्याला दिसतं. (मला त्याची थोडी दयाच येते.) तरीही तो नुसती गोळी लिहू लागला तर ‘अशक्तपणा फार आहे हो’ म्हणून सलाईन मागा.

पूर्ण कोर्स वगैरे घेऊ नका. बरं वाटलं की उरलेली गोळी फ्रिजवरच्या डब्यात टाका, सासूबाईंचा घसा धरला की कामी येईल. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानात नेमका असाच एक गृहस्थ उभा केला होता. तो घशासाठी स्वतःच पेनिसिलिन घेतो, तेही जंतू मरणार नाहीत, पण शहाणे होतील एवढंच. मग ते जंतू बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती जाते. साहेबांना आपला डबा माहीत नव्हता, म्हणून एवढी काळजी.

पुढे कधी घरातलं कोणी आयसीयूत असेल आणि कल्चरच्या (म्हणजे जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते बघणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये औषधांच्या नावांपुढे ‘आर’, ‘आर’, ‘आर’ अशी रांग आली, तर घाबरू नका. आर म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत. मग डॉक्टर कोलिस्टिन काढतात. मूत्रपिंडाला झेपत नाही म्हणून एकेकाळी मागे ठेवलेलं औषध आहे ते, पण शिरेतून देतात. सलाईनची हौस तिथे पुरेपूर भागेल.