दहा मिनिटांत रिव्हर्स कॅमेरा? आधी गाडीच्या मागे जाऊन बघा

गेला महिनाभर टेम्पोवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. 'बंद बॉडीच्या गाडीला वायरलेस रिव्हर्स कॅमेरा लावा. वायर ओढायची भानगड नाही. नंबर प्लेटचे स्क्रू सैल करून अडकवा, रिव्हर्स लाइटला जोडा, दहा मिनिटांत काम फत्ते. वॉटरप्रूफ आहे. आजपासून किन्नरचा पगार वाचला.' किन्नर म्हणजे गाडी मागे घेताना मागे उभा राहून हाका देणारा पोऱ्या. मेसेज मला चौघांनी पाठवला आणि त्यातल्या दोघांनी कॅमेरा घेऊनही टाकला. माझा कॅमेऱ्याला विरोध नाही. माझ्या पिकअपला तीन वर्षं आहे. हौदा, म्हणजे मागची मालाची पेटी, बंद असला की केबिनमधला आरसा केस विंचरण्यापुरताच उरतो. भांडण आहे ते त्या दहा मिनिटांशी.

वायर ओढायची नाही म्हणे. वायरलेस असतं ते चित्र, वीज नव्हे. कॅमेऱ्याला करंट लागतोच. रिव्हर्स लाइट खाली बंपरपाशी आणि कॅमेऱ्याची खरी जागा वर, दारांच्या माथ्यावरच्या चॅनेलवर. म्हणजे सहा-सात फूट वायर चढवणं आलंच. आता कॅमेरा पत्र्याच्या पेटीच्या मागे आणि स्क्रीन पेटीच्या पुढे. यातले बरेच कॅमेरे २.४ गिगाहर्ट्‌झवर बोलतात, आणि दुकानादुकानातलं वाय-फाय, खिशातलं ब्लूटूथ यांचाही गलका त्याच पट्ट्यात. माझा पहिला कॅमेरा वायरलेसच होता. भोसरीच्या मोकळ्या प्लॉटवर चित्र एकदम झकास. पुण्यात अप्पा बळवंत चौकात वह्यांचे गठ्ठे उतरवायला गेलो आणि ते थिजलं. काळं झालं असतं तर मी ब्रेक दाबला असता. पण स्क्रीनवर मोकळा रस्ता तसाच दिसत होता, दोन सेकंदांपूर्वीचा. तेवढ्यात मागे एक हातगाडी आली होती. हातगाडीवाल्याने पत्र्यावर थाप मारली म्हणून वाचलो.

हा सल्ला मुळात अमेरिकेतल्या ट्रेलरवाल्यांचा असावा. तिकडे बंद ट्रेलर पिकअपच्या मागे जोडतात, काम झालं की सोडवतात. दर वेळी चित्राच्या केबलचा प्लग काढा-घाला करण्यापेक्षा वायरलेस त्यांना परवडतं. आपला हौदा चासीला कायमचा बोल्ट केलेला. तो कुठे सोडवायचाय? मी नंतर सरळ केबलचा कॅमेरा घेतला. केबल चासीच्या आतल्या अंगाने, मूळ वायरिंगच्या सोबतीने नेली. सायलेन्सरपासून लांब ठेवायची आणि ब्रेकच्या पाइपला चुकूनही बांधायची नाही. टीव्हीला असते तसली पिवळी पिन घेऊ नका, खड्ड्यांत ढिली होते. आटे फिरवून घट्ट बसणारा चार पिनांचा कनेक्टर मिळतो, नाना पेठेत विचारा. या सगळ्याला माझी एक अख्खी दुपार गेली.

रिव्हर्स लाइटला जोडणं चूक नाही, अपुरं आहे. गिअर मागे टाकला तरच चित्र. ट्रेलरवाल्यांची एक युक्ती मात्र उचलण्यासारखी आहे. ते करंट वरच्या मार्कर लाइटवरून घेतात. आपल्याही बंद बॉडीच्या वरच्या कोपऱ्यांत लाल दिवे असतातच. तिथून घेतला की वायर हातभर पुरते आणि पार्किंगचा स्विच टाकला की चालत्या गाडीतही मागचं दिसतं. दिवसा दिवे लावून फिरतो म्हणून लोक हसतात, हसू देत. फ्यूज मात्र टाका. आणि आधी मीटर लावून व्होल्टेज बघा. छोटा हत्ती, पिकअप १२ व्होल्टवर, मोठे ट्रक बहुतेक २४ वर. फक्त १२ चा कॅमेरा २४ ला जोडला तर दहा मिनिटंही लागत नाहीत.

नंबर प्लेटचे स्क्रू. कुठले स्क्रू? १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट येते, ती न उघडणाऱ्या स्नॅप लॉकने बसवलेली असते. जुन्या गाड्यांनाही आता तीच सक्ती आहे. शिवाय तिथे चाकाचा चिखल थेट काचेवर येतो.

'वॉटरप्रूफ' याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण भुर्दंड मी भरलाय. डब्यावर आयपी ६७ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालेल. वॉशिंग सेंटरवाला प्रेशरची नळी हातभरावरून मारतो ते त्यात बसत नाही. त्याला आयपी ६९के लागतं. पण खरं पाणी कॅमेऱ्यात शिरतच नाही, ते हौद्यात शिरतं. मी मागच्या पत्र्याला सरळ आडवं भोक पाडून वायर आत घेतली होती. जूनमध्ये, शाळा उघडायच्या आठवड्यात, पाणी वायरीवरून चालत चालत आत आलं आणि वह्यांचे दोन गठ्ठे फुगून पावासारखे झाले. आता भोक चॅनेलच्या खालच्या पाळीला आहे. त्यात ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी, भोवती पीयू सीलंट आणि वायरीला आत शिरण्याआधी खाली एक झोल. पाणी त्या झोलाच्या टोकावरून गळून जातं. कॅमेरा दारावर लावणाऱ्यांनी बिजागरीपाशी वायर किती वेळा दुमडते तेही मोजावं.

राहिला किन्नर. स्क्रीनवरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेघा पाहून लोकांना वाटतं, गाडी अंतर मोजतेय. साध्या कॅमेऱ्यात त्या नुसत्या छापलेल्या रेघा असतात. काच रुंद कोनाची, त्यामुळे वस्तू आहे त्यापेक्षा लांब वाटते. मी पोऱ्याला बंपरपासून तीन फुटांवर क्रेट ठेवायला लावलं आणि स्क्रीनवर मार्करने माझी स्वतःची रेघ मारली. तीच खरी.

आणि माथ्यावरचा कॅमेरा खाली बघतो, वर नाही. पेठेतल्या एका बोळात मी मागे घेत होतो. स्क्रीनवर दुकानाची पायरी माझ्या रेघेच्या चांगली पलीकडे, सगळं निवांत. हौद्याचा वरचा डावा कोपरा मात्र तोवर दुकानाच्या पन्हळी पत्र्यात घुसला होता. दुकानदार बाहेर आला, वर बघितलं आणि शांतपणे विचारलं, "कॅमेरा आहे ना हो तुमच्याकडे?" पत्र्याचे पैसे मी दिले. पोऱ्या त्या दिवशी गावाला गेला होता.