बातमी वाचत बसू नका, मत देऊन टाका

तुमच्याकडे अजून मत नाहीये? अहो ब्रेकिंग येऊन अकरा मिनिटं झाली, सोसायटीच्या ग्रुपवर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सरकार पाडून नवं खातेवाटपसुद्धा करून टाकलं आणि तुम्ही बातमी पूर्ण वाचताय! वाचायची नसते हो. वाचलं की मत बिघडतं, आधी चांगलं ठाम असतं आणि चौथ्या पॅरापर्यंत गेलं की "तसं पण असेल" वगैरे वाटायला लागतं, मग कसली डोंबलाची कमेंट टाकणार तुम्ही.

सुरुवात राजकारणापासून करा, ते सोपं आहे, एकच शब्द पाठ लागतो. मास्टरस्ट्रोक. खोटं वाटत असेल तर ३० जून २०२२ आठवा. सकाळी फडणवीस मुख्यमंत्री होणार हे सगळ्यांना माहीत होतं, चॅनेलवाल्यांना तर जरा जास्तच, ग्रुपवर अभिनंदनाचे फोटो पडले होते. दुपारी खुद्द फडणवीसांनीच सांगितलं की मुख्यमंत्री शिंदे आणि मी सरकारच्या बाहेर. कच्चा माणूस इथे गडबडतो. काका नुसते 'टायपिंग' दिसत होते, थांबत होते, परत टायपिंग, आणि मग आला मेसेज: "त्याग!! मास्टरस्ट्रोक." संध्याकाळी दिल्लीतून चक्रं फिरली, फडणवीस उपमुख्यमंत्री म्हणून शपथ घेऊन मोकळे. काका: "शिस्त!! मास्टरस्ट्रोक." एका दिवसात तीन वेगळी मतं आणि माणूस एकदाही चुकला नाही, ह्याला म्हणतात व्यासंग. (बी विंगमधले काका दुसऱ्या पार्टीचे, त्यांचा शब्द "खोके", बाकी पद्धत सेम.)

पक्षांतरबंदी कायद्याचा विषय निघाला तर घाबरायचं नाही. "एक तृतीयांश आमदार फुटले की झालं, काही होत नाही" असं कुणीतरी छातीठोकपणे म्हणेलच. ती सोय २००३ च्या घटनादुरुस्तीत काढून टाकली आहे हे सांगायला चुकूनही जाऊ नका, लोक ते चेक करणार नाहीत, तुम्ही कुठल्या पार्टीचे ते चेक करतील. निकालपत्र तर अजिबात उघडायचं नाही. ११ मे २०२३ ला ह्याच सत्तांतरावर सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा दोन्ही बाजू आपणच जिंकलो म्हणून सांगत होत्या, मग तुम्ही एकट्यानेच वाचून काय दिवे लावणार होतात? आणि लक्षात काय ठेवायचं, काय सोडायचं ह्याचीही कला असते. शिंदेंसोबतचे आमदार गुवाहाटीच्या हॉटेलात होते तेव्हा आसाममध्ये भयंकर पूर होता, आपल्याला आठवतं काय तर "काय झाडी, काय डोंगार". बरोबरच आहे, पुराची रिंगटोन निघत नाही.

सेलिब्रिटींचं जरा वेगळं. तिथे मत नाही, संताप लागतो, आणि संतापाआधी सगळं बघून घ्यायचं असतं. जुलै २०२४ मधलं अंबानींकडचं लग्न घ्या, "किती ही उधळपट्टी, देशात गरिबी किती" हे लिहायचंच, पण आधी तो हार दोन बोटांनी झूम करून, बायकोला दाखवून, कुणाला बोलावलं कुणाला नाही ते तपासून मग. नाहीतर संताप वरवरचा वाटतो.

ऑक्टोबर २०२१ मध्ये शाहरुखच्या मुलाला क्रूझवरच्या ड्रग्ज प्रकरणात अटक झाली तेव्हा हे काम झकास झालं होतं. चार्जशीट कुठे होती तेव्हा? पण संस्कार, बापाचा पैसा, बॉलिवूडची घाण, सगळे निकाल ग्रुपवर लागले, ज्यांचा स्वतःचा मुलगा बारावीला क्लास बुडवून कुठे जातो ते त्यांना माहीत नाही त्यांनी शाहरुखला पालकत्व शिकवलं. मे २०२२ मध्ये एनसीबीने, म्हणजे अटक करणाऱ्या ड्रग्जविरोधी खात्यानेच, पुरेसा पुरावा नाही म्हणून त्याचं नावच आरोपपत्रात घातलं नाही. त्या दिवशी ग्रुपवर काय होतं माहितीये? पाण्याचा टँकर किती वाजता येणार. आणि हेच शिकायचंय तुम्हाला, मत देताना सगळ्यात आधी आणि नंतर टँकर. "तेव्हा जरा घाईच झाली आपली" असं कुणी लिहिलं तर ग्रुपची शिस्त बिघडते, उद्या सगळेच लिहायला लागतील.

हां, आता एक टेक्निकल सूचना. 'डिलीट फॉर एव्हरीवन'वर फार विसंबू नका, ते साधारण अडीच दिवसच चालतं आणि २०१९ चं पहाटेच्या शपथविधीवालं सरकारसुद्धा त्याहून जास्त, चांगलं ८० तास टिकलं होतं. त्यामुळे मत कितीही कडक असलं तरी खाली "बघू, अजून बरंच बाहेर येईल" एवढं टाकून ठेवायचं आणि कुणी फारच पुरावा मागितला तर "फॉरवर्डेड अॅज रिसिव्हड".