एमालिना येतेय, येतेय… गेली!

कुस्तीगिराला नवा अवतार द्यायचाच असेल तर आधी तो ठरवा तरी! ऑक्टोबर २०१६ पासून डब्ल्यूडब्ल्यूईने (निकाल आधीच ठरवून कुस्त्या दाखवणारी अमेरिकी कंपनी) आमचं डोकं खाल्लं. त्यांची कुस्तीगीर एमा, तिची म्हणे आता एमालिना होणार. ग्लॅमर, नखरे, हळूहळू उडणारे केस. दर सोमवारी त्यांच्या ‘रॉ’ या टीव्ही कार्यक्रमात तेच: येतेय, येतेय, येतेय. अहो, चार महिने! तेवढ्यात लग्न ठरून, लागून, नवरी माहेरी मांडवपरतणीलाही येऊन जाते.

१३ फेब्रुवारी २०१७ ला बाई अखेर अवतरल्या. माइक घेतला आणि म्हणाल्या काय, तर आता एमालिनाची परत एमा होणार, वाट बघा! आल्या तशा गेल्या. ना कुस्ती, ना काही. याला अवतार म्हणायचं की यू-टर्न? (पूर्वीची बुडबुडे उडवत वेडंवाकडं नाचणारी एमा काय वाईट होती?) त्याच वर्षी ऑक्टोबरात तिला नारळ दिला. घोळ यांचा, नोकरी तिची.

आणि शिकले का? छे! २०२१ मध्ये एनएक्सटी या त्यांच्याच दुसऱ्या कार्यक्रमाचा चॅम्पियन कॅरियन क्रॉस रॉमध्ये आणला, पहिल्याच लढतीत दोन मिनिटांच्या आत हरवला, वर पुढे डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्यावर पट्टे चढवले. लढायला पाठवला होता की गॅदरिंगला?