वर्तुळाला तोंड देताना

एक गोल, त्यात दोन ठिपके आणि खाली एक वाकडी रेघ एवढ्या भांडवलावर हसरा चेहरा काढता येतो, हे मला वयाच्या चौथ्या वर्षी कुणीही न शिकवता समजले होते. तोच चेहरा पायथन या प्रोग्रामिंग भाषेत कोड लिहून एका व्हिडिओवर काढायला मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी अकरा संध्याकाळी लागल्या, आणि त्यातल्या पहिल्या चार तर नुसते तोंड सरळ करण्यात गेल्या.

निमित्त साधे होते. बहिणीच्या मुलाचा पाचवा वाढदिवस होता आणि मी त्याला शुभेच्छा देतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ मोबाइलवर तयार होता. माझ्या बोलण्याच्या आजूबाजूला एक पिवळा हसरा गोल उड्या मारत फिरावा, एवढीच माझी कल्पना होती. हे काम चुटकीसरशी करून देणारी अ‍ॅप आहेत, हे मला ठाऊक होते. पण मुलगी संगणकशास्त्र शिकते, आणि तिच्यासमोर मी नको ते बोलून गेलो की, मी हे कोड लिहून करीन. तिने मान वर न करता सांगितले, "सोपं आहे बाबा. पंधरा ओळींचं काम." हे वाक्य शंभर टक्के खरे निघाले. त्या पंधरा ओळी कोणत्या, एवढेच तिने सांगितले नव्हते.

चित्रावर आकार काढण्याच्या तयार आज्ञांचा जो संच, म्हणजे जी लायब्ररी, मी वापरली तिचे नाव ओपनसीव्ही. १९९९ साली इंटेलमध्ये तिचे काम सुरू झाले आणि २००० साली ती पहिल्यांदा लोकांपुढे आली, म्हणजे वयाने ती माझ्या मुलीपेक्षाही मोठी आहे. तरीही स्वतःच्या नावाबद्दल तिचे अजून काही निश्चित झालेले दिसत नाही. ती बसवताना 'ओपनसीव्ही-पायथन' म्हणायचे, कोडमध्ये बोलावताना 'सीव्ही२' म्हणायचे, आणि आवृत्ती विचारली की ती स्वतःला चौथी म्हणवते. मी तिला सीव्ही४ म्हणून हाक मारून पाहिली. असे कोणी येथे राहत नाही, असे उत्तर आले.

आधी स्थिरचित्रावर हात बसवावा म्हणून मी स्वतःचा एक फोटो निवडला. तो 'फोटो' याच नावाच्या, देवनागरीत नाव दिलेल्या फोल्डरमध्ये होता. विंडोजवर 'इमरीड' या आज्ञेला असले पत्ते वाचता येत नाहीत. न येवोत, पण येत नाही असे म्हणून ती थांबेल, तर ते नाही. फार तर टर्मिनलवर ती एक इशारा पुटपुटते, जो मी अर्थातच वाचला नाही, आणि फोटोऐवजी 'नन' नावाचा शून्यभाव तुमच्या हाती ठेवून शांतपणे पुढच्या ओळीकडे जाते. मग दोन ओळी खाली, जेथे काहीही चुकलेले नाही अशा ठिकाणी, तक्रार येते की 'नन'ला 'शेप' हा गुण नाही. म्हणजे जे नाही ते निर्गुण आणि निराकार आहे. एवढे ज्ञान पदरात पडल्यावर मी फोल्डरचे नाव रोमन लिपीत बदलले, आणि फोटो उघडला.

या लायब्ररीचा स्वभाव मला तेव्हाच ओळखता यायला हवा होता. मी चुकांची तयारी ठेवून बसलो होतो. तांबड्या अक्षरांतली लांबलचक बोलणी खाण्याचीही तयारी होती. तयारी नव्हती ती या मुकाट सौजन्याची.

उदाहरणार्थ, मी पहिले वर्तुळ काढले ते (०, ०) या बिंदूवर. शाळेतल्या आलेखाच्या वहीत हा बिंदू मध्यभागी असे, आणि वाय-अक्ष वर चढत असे. येथे तो डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि वाय जितका वाढवावा तितका खाली उतरतो, कारण जुन्या चित्रनळीतला किरण पडदा रंगवायला वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करून ओळीओळीने खाली येत असे, आणि चित्राच्या ओळी त्याच क्रमाने साठवण्याची चाल पडून गेली. त्यामुळे माझ्या वर्तुळाचा पाऊण भाग चित्राबाहेर गेला आणि उरलेला पाव भाग कोपऱ्यात कापलेल्या नखासारखा दिसू लागला. "अहो, तुमचे वर्तुळ चौकटीबाहेर चालले आहे," असे लायब्ररीने एका शब्दाने सुचवले नाही. मग मी मध्यबिंदू काढण्यासाठी १२८० ला दोनाने भागले. पायथनमध्ये त्याचे उत्तर ६४० येत नाही, ६४०.० येते, आणि या एका दशांश चिन्हावरून मात्र तिने आकांडतांडव केले की, दिलेल्या केंद्रातल्या शून्य क्रमांकाच्या घटकाचा प्रकार चुकीचा आहे. माझे पाऊण वर्तुळ गेले तेव्हा जिला काही वाटले नाही, तिला हे शून्य खुपले. आयबीएममधल्या जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ साली निव्वळ पूर्णांकांवर तिरकी रेघ ओढण्याची रीत बसवली आणि ओपनसीव्ही साधी रेघ अजून त्याच रीतीने ओढते, हे मी पुढे वाचले, तेव्हा अपूर्णांकांचा हा तिटकारा घराण्यातच असावा, अशी मी माझी समजूत घातली. भागाकाराच्या चिन्हात एका तिरक्या रेघेऐवजी दोन दिल्या की उत्तर पूर्णांकात येते, तशा दिल्या.

आता रंग. लाल, हिरवा आणि निळा यांतले लाल आणि हिरवा पूर्ण दिले की पिवळा होतो, एवढे मला माहीत होते, म्हणून मी (२५५, २५५, ०) असे ऐटीत लिहिले. ओपनसीव्हीत हा क्रम उलटा, म्हणजे निळा, हिरवा, लाल असा असतो. माझा गोल आकाशी झाला. गोल आतून भरायचा तर रेघेची जाडी उणे एक सांगावी लागते. वजन कमी करण्याच्या प्रयत्नात आयुष्य गेलेल्या माणसाला उणे जाडी ही कल्पनाच इतकी मोहक वाटली की मी ती सगळ्यात शेवटी, डोळे आणि तोंड काढून झाल्यावर वापरली, आणि ते सगळे आकाशी रंगाखाली गाडले गेले. ओळींचा क्रम बदलून मी डोळे पुन्हा वर आणले आणि तोंडाकडे वळलो.

तोंडासाठी 'एलिप्स' ही आज्ञा आहे. तिला केंद्र, दोन अर्धअक्ष, कल, सुरुवातीचा कोन, शेवटचा कोन, रंग आणि जाडी असे सगळे सांगावे लागते. एवढी माहिती मी नोकरीच्या अर्जातही दिलेली नाही. शाळेत शिकल्याप्रमाणे शून्य ते १८० अंश म्हणजे वरची कमान आणि १८० ते ३६० म्हणजे खालची. हसऱ्या तोंडाला खालची कमान हवी, म्हणून मी १८० ते ३६० लिहिले. परंतु वाय खाली उतरत असल्यामुळे येथे कोनही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजले जातात, हे माझ्या ध्यानात आले नाही. पडद्यावर जो चेहरा उमटला तो आकाशी होता, त्याच्या तोंडाचे दोन्ही कोपरे खाली ओघळले होते, आणि तो माझ्या फोटोतल्या खांद्यावर असा टेकला होता की मी त्याचे सांत्वन करतो आहे असे कोणालाही वाटावे. मुलगी पाणी प्यायला उठली होती, ती क्षणभर मागे थांबली आणि म्हणाली, "बाबा, हे नक्की वाढदिवसाचंच आहे ना?"

कोन उलटे केले, रंग उलटा केला, आणि पिवळा गोल एकदाचा हसला. मीही हसलो. त्या हसण्याच्या भरात मी त्याखाली 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' असे लिहायचे ठरवले, ही माझी दुसरी चूक.

अक्षरे लिहिण्यासाठी 'पुटटेक्स्ट' नावाची आज्ञा आहे आणि तिच्याकडची अक्षरे अ‍ॅलन हर्शी यांनी बेतलेली आहेत. हे गृहस्थ अमेरिकेच्या नौदलाच्या शस्त्रप्रयोगशाळेत काम करत आणि १९६७ च्या सुमारास त्यांनी केवळ सरळ रेघांचे तुकडे जोडून रोमन, ग्रीक, रशियन, इतकेच काय, जपानी अक्षरेही रचली. माणसाच्या चिकाटीला माझा नमस्कार आहे. मात्र ओपनसीव्हीने त्यांच्या संग्रहातून जेवढे उचलले त्यात देवनागरी नाही, आणि जे अक्षर येत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह काढण्याची तिची पद्धत आहे. माझ्या शुभेच्छा आल्या त्या एका ओळीत खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या प्रश्नचिन्हांच्या रूपाने. ही लायब्ररी सहसा बोलत नाही, आणि बोलली ती अशी. माझ्या एकंदर खटाटोपाविषयी आजवर कोणी व्यक्त केलेले हे सर्वांत नेमके मत होते.

मुलीने सुचवले की पिलो नावाच्या दुसऱ्या लायब्ररीकडून अक्षरे काढून घ्यावीत, कारण तिला हवा तो फाँट देता येतो. दिला. पण देवनागरीची अक्षरे नुसती शेजारी शेजारी ठेवून भागत नाही. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर यांची मांडणी करणारे आणखी एक उपकरण पिलोच्या पाठीशी असावे लागते, आणि माझ्याकडच्या पिलोपाशी ते नव्हते. त्यामुळे 'वाढदिवसाच्या' मधली पहिली वेलांटी 'द' च्या अलीकडे यायची ती पलीकडे जाऊन 'व' च्या डोक्यावर बसली, आणि 'च्छा' मधल्या च ने आपला पाय मोडून घेऊन छ शी उघड फारकत घेतली. शुद्धलेखनाच्या बाबतीत मी फार कडक नाही, पण पाच वर्षांच्या मुलाला, जो नुकताच वेलांट्या शिकतो आहे, त्याच्या मामाकडून हे जाऊ नये असे मला वाटले. ते उपकरण बसवण्यात एक अख्खा रविवार गेला, त्याविषयी मी बोलणार नाही. एवढेच सांगतो की पिलोकडे रंगांचा क्रम सरळ असतो, म्हणून चित्र तिकडे पाठवताना मी क्रम बदलला आणि परत आणताना बदलायला विसरलो. परिणामी अक्षरे उत्तम उमटली, पण मी स्वतः चेहऱ्यासकट निळा पडलो, आणि महाप्रयासाने पिवळा केलेला तो गोल पुन्हा आकाशी झाला.

सातव्या संध्याकाळी मी व्हिडिओला हात घातला. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक येणारी चित्रे. दर सेकंदाला तीस धरली तर माझ्या दहा सेकंदांची तीनशे. प्रत्येक चित्र वाचायचे, त्यावर गोल काढायचा, दाखवायचे. दाखवणाऱ्या 'इमशो' मागे 'वेटकी' ही आज्ञा द्यावीच लागते, नाहीतर खिडकी नुसती राखाडी होऊन बसते. तिच्या कंसात किती मिलिसेकंद थांबायचे तो आकडा असतो. मी शून्य लिहिले, कारण मला अजिबात थांबायचे नव्हते. शून्याचा अर्थ येथे 'कळ दाबेपर्यंत अनंत काळ' असा आहे. मी कळ दाबली की व्हिडिओ एका चित्राने सरकायचा. अशा रीतीने सुमारे चाळीस वेळा स्पेसबार दाबून मी स्वतःला 'वाढ' एवढे म्हणायला लावले. नंतर शून्याचा एक केला, तर मी बोलणे सुरू करताच संपवून टाकले. सेकंदाला तीस चित्रे म्हणजे एका चित्राला सुमारे ३३ मिलिसेकंद, हा हिशेब कागदावर केल्यावर मी माणसासारखा बोलू लागलो. बाहेर पडायला 'क्यू' ही कळ ठरवली होती, पण कीबोर्ड मराठीवर राहिला होता, आणि क्यूच्या जागी तेथे औकार असतो. मी कितीतरी वेळ औकार ठोकत बसलो होतो.

गोल उड्या मारेना. दर चित्रात त्याचा एक्स आठाने वाढवायचा आणि कडेला टेकला की वेगाचे चिन्ह उलटे करायचे, असे माझे गणित होते आणि ते चूक नव्हते. परंतु त्रिज्या ६० असताना मी त्याची सुरुवात ३० वर केली, म्हणजे जन्मतःच त्याची एक बाजू कडेत रुतली. तो ३८ वर यायचा, अजूनही कडेला टेकलेलाच, म्हणून वेग उलटा, पुन्हा ३०, अजूनही टेकलेलाच, म्हणून वेग सुलटा. तीनशे चित्रे तो डाव्या कडेला जागच्या जागी थरथरत उभा राहिला, वर हसत हसत. थंडी वाजून आलेला, पण पाहुण्यांसमोर तसे दाखवायचे नाही असे ठरवलेला तो चेहरा मला फारच ओळखीचा वाटला, आणि त्याला कडेपासून दूर नेऊन सोडताना खरोखरच जिवावर आले.

उरले व्हिडिओ फाइलमध्ये उतरवणे. येथे त्या सौजन्याने कळस गाठला. चित्राचा 'शेप' विचारला तर तो आधी उंची सांगतो, मग रुंदी. 'व्हिडिओरायटर' ला मात्र आधी रुंदी सांगायची, मग उंची. मी मिळाले तसे दिले. प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत विनातक्रार चालला, तीनशेच्या तीनशे चित्रे मी एकेक करून त्याच्या स्वाधीन केली, आणि मापात न बसणारे प्रत्येक चित्र त्याने अदबीने घेऊन अदबीने टाकून दिले. फाइल तयार झाली. तिचे वजन दोन-तीनशे बाइट होते. दोन शब्दांची अदलाबदल करायला दोन सेकंद लागले आणि कोणते दोन शब्द ते शोधायला दोन संध्याकाळी.

अकराव्या रात्री व्हिडिओ तयार झाला. मी त्यात निळा नव्हतो, गोल पिवळा होता, हसत होता, चारी कडांवर टेकून परत फिरत होता, आणि वेलांट्या आपापल्या जागी होत्या. मुलगी झोपली होती, म्हणून मी लॅपटॉपचा आवाज बंद ठेवून तो सहा वेळा पाहिला आणि बहिणीला पाठवून दिला.

सकाळी तिचा फोन आला. "दादा, छान झालाय, पण आवाज येत नाहीये. ह्यांच्या फोनवर लावून पाहिला, टीव्हीवर लावून पाहिला. तू नुसतंच तोंड हलवतोयस."

मी मुलीकडे पाहिले. ती म्हणाली, "ओपनसीव्ही फक्त चित्रं वाचतं ना बाबा. आवाज वेगळा जोडावा लागतो. तुम्ही विचारलंच नाहीत."

मी बहिणीला काही समजावणार, तेवढ्यात भाच्याने फोन हिसकावून घेतला आणि काळजीच्या स्वरात विचारले, "मामा, तो पिवळा तुला बोलू देत नाही का?"