स्विमिंग पूल किती फुटी ते नंतर, आधी फिल्टर कुठलाय ते विचारा

एप्रिल लागला की आमच्या सगळ्या ग्रुप्सवर एकच प्रश्न फिरायला लागतो, पोरांसाठी तो फ्रेमवाला (पायांवर उभा राहणारा, प्लॅस्टिकचा) स्विमिंग पूल घ्यायचाय, दहा फुटी घेऊ की बारा फुटी? आणि खाली धडाधड उत्तरं, मोठाच घ्या पोरं वाढतात, सध्या ऑफर चालू आहे वगैरे. फिल्टरचं कुणी म्हणजे कुणी विचारत नाही. म्हणून आज सविस्तर लिहितेय. आमच्या अंगणात दर उन्हाळ्यात पूल लागतो, घरची, दिराची, शेजारची पोरं मिळून नुसता धुडगूस असतो, आणि माझं मत आता पक्कं झालंय की ज्या पूलला चालू फिल्टर पंप (पाणी गाळून परत पूलमध्ये सोडणारा) नाही तो पूल आपल्याकडच्या उन्हाळ्यात घेऊच नये. फुकट मिळाला तरी.

हिशोब बघा ना. दहा फूट व्यासाचा आणि तीस इंच उंचीचा जो पूल सगळीकडे मिळतो त्यात साधारण साडेचार हजार लिटर पाणी बसतं. बारा फुटीत साडेसहा हजार. पंधरा फुटी आणि ४८ इंच उंच घेतला तर जवळजवळ १७ हजार लिटर, म्हणजे दहा हजारवाला टँकर एक पूर्ण आणि दुसरा पाऊण. आता बिनफिल्टरच्या पूलचं काय होतं, पहिल्या दिवशी पाणी निळंशार, दुसऱ्या दिवशी गढूळ, चौथ्या दिवशी तळाला हात लावला की बुळबुळीत हिरवा थर, मग ओता सगळं आणि भरा परत. एप्रिल-मे दोन महिने दर चार दिवसांनी साडेचार हजार लिटर ओतलं तर ६७ हजार लिटर होतात. जवळजवळ सात टँकर! ज्या महिन्यांत मराठवाड्यात बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभ्या असतात आणि पुण्याच्या आजूबाजूच्या कितीतरी सोसायट्या रोज टँकर मागवतात त्याच महिन्यांत हे असं पाणी गटारात सोडायचं मला अजिबात पटत नाही. आपण बिल भरतो म्हणून पाणी आपल्या एकट्याचं होत नाही.

तेच पाणी सांभाळलं तर अख्खा सीझन जातं. रोज उन्हाने आणि पोरांच्या उड्यांनी जे कमी होतं तेवढ्या तीन-चार बादल्या वर टाकायच्या, बास.

त्यासाठी काय लागतं ते सांगते. पंपावर ताशी किती लिटर ते लिहिलेलं असतं, ते बघा. साडेचार हजार लिटरला ताशी १२५० लिटरचा कार्ट्रिजवाला (आत कागदी गाळणी असलेला) पंप चालतो पण तो रोज सहा-आठ तास चालवावा लागतो, कारण कार्ट्रिज भरत आली की फ्लो निम्म्यावर येतो. बारा फुटीसाठी ताशी दोन हजार लिटरच्या खाली जाऊ नका. पंधरा फुटी घेत असाल तर सरळ सँड फिल्टर (वाळूतून पाणी गाळणारा) घ्या, महाग पडतो पण कार्ट्रिजा धूत बसायला नको. आणि पंपाच्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच) असल्याशिवाय प्लग लावायचा नाही, ओल्या अंगाने पोरं तिथेच पळत असतात, एक्स्टेन्शन बोर्ड गवतात टाकून पंप चालवणारी घरं मी बघितलीयेत आणि पोटात गोळा येतो.

कार्ट्रिज एकदा बाहेर काढून बघाच. पांढऱ्या कागदी घड्यांमध्ये केस, टॉवेलचे धागे, बारीक माती आणि या सगळ्यावर पिवळट तेलाचा चिकट थर. हे तेल आपल्याच घरातलं, पोरांच्या डोक्याला चोपडलेलं खोबरेल. म्हणून आमच्याकडे नियम आहे, सकाळी डोक्याला तेल नाही, पाण्यात जायच्या आधी अंगणातल्या नळाखाली डोक्यासकट आंघोळ, आंबा खाऊन आलात तर हात-तोंड परत धुवायचं, आणि शिडीपाशी पाय बुचकळायला एक टब. एवढ्यानेच निम्मं काम होतं. कार्ट्रिज पाइपच्या धारेने घडी घडी उघडून वरून खाली धुवायची, दोन ठेवल्या तर एक वाळते तेव्हा दुसरी चालू राहते.

आता औषध. क्लोरीन एक ते तीन पीपीएम (म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम) आणि पीएच ७.२ ते ७.८, हे दोनच आकडे लक्षात ठेवा, स्टॅबिलायझरवाला (उन्हात जास्त टिकणारा) क्लोरीन वापरत असाल तर दोनच्या खाली जाऊ देऊ नका. टेस्ट किट मिळतं, दोन छोट्या नळ्या, एकीत थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, दुसरीत लालसर. फिकट लिंबू रंग आला तर क्लोरीन आहे, रंगच आला नाही तर त्या दिवशी पोरं पाण्यात नाहीत, कितीही रडली तरी नाहीत. साडेचार हजार लिटरला एक पीपीएम वाढवायला एसडीआयसी पावडर (हा स्टॅबिलायझरवालाच क्लोरीन) साधारण आठ ग्रॅम लागते, किचनच्या वजनकाट्यावर मोजा (पण वाटी वेगळी ठेवा). भरलेल्या बादलीत पावडर टाकायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही, आणि हे संध्याकाळी पोरं बाहेर आल्यावर, कारण आपलं ऊन क्लोरीन भराभर खाऊन टाकतं. गोळ्या वापरायच्या तर तरंगत्या डबीतून, लायनरवर (पूलच्या प्लॅस्टिकवर) नुसती गोळी पडली तर तिथला रंग उडतो आणि प्लॅस्टिक कडक होतं. डबी पोरांच्या वेळी बाहेर.

बरेच जण म्हणतात आम्ही ब्लीचिंग पावडर टाकतो, स्वस्त पडते. बोअरचं पाणी आधीच जड असतं, त्यात ब्लीचिंगचा चुना गेला की पाणी दुधाळ होतं आणि पंपात खर धरते. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर पहिल्यांदा क्लोरीन टाकल्यावर पाणी तांबूस होऊ शकतं, घाबरू नका, पंप चालू ठेवा आणि कार्ट्रिज धूत राहा. तुरटीबद्दल पण विचारतात. तुरटीने गाळ खाली बसतो हे खरं, आज्ज्या करायच्याच, पण जंतू मरत नाहीत, त्यामुळे तुरटी फिरवली म्हणजे पाणी स्वच्छ झालं असं समजून पोरांना सोडू नका. आणि ब्लीचिंग आणि गोळ्या कधीही एका डब्यात, एका चमच्याने नाही, पेट घेऊ शकतं. अॅसिड आणि ब्लीच तर अजिबातच नाही, विषारी वायू होतो. पूलचा "क्लोरीनचा वास" येतोय म्हणजे औषध जास्त झालं असं आपल्याला वाटतं, खरं तर तो घाम आणि लघवीशी मिळून झालेल्या क्लोरामाइनचा वास असतो, म्हणजे बहुतेक वेळा औषध कमी पडतंय.

आता गच्ची. यावर मी भांडायला तयार आहे. तीस इंची पूलमध्ये दोन फुटाच्या वर पाणी असतं, म्हणजे स्लॅबच्या प्रत्येक चौरस मीटरवर सहाशे किलोच्या वर वजन. आपल्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या भाग २ मध्ये, ये-जा असलेल्या गच्चीसाठी धरतात दीड किलोन्यूटन म्हणजे साधारण दीडशे किलो. चौपट! लगेच कुणीतरी म्हणतं आमच्या गच्चीवर बारशाला शंभर माणसं होती. अहो माणसं पसरून बसतात, जेवून दोन तासांत घरी जातात, पाणी दोन महिने एकाच जागी बसून असतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय गच्चीवर पूल नको, बिल्डरच्या तोंडी "काही होत नाही"वर तर नकोच.

जागा जमिनीवरच बघा. सपाट, घट्ट मुरमाची, भरावाची नको. लव्हाळा असेल तर मुळासकट गड्डे खणून काढा, त्याचा कोंब खालून लायनरला भोक पाडून वर येतो, हराळी पण तशीच. खाली जुने फ्लेक्स दोन-तीन पदरी टाकले की छान होतं. झाडाखाली सावली मिळते पण पानं, चीक आणि पक्ष्यांची घाण पण मिळते, त्यापेक्षा नर्सरीवाली हिरवी शेडनेट वर उंच बांधा, पाणी पण कमी उडतं आणि क्लोरीन पण टिकतो.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी आलं पण वाचाच. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने ४८ इंच आणि त्याहून उंच असे साधारण ५० लाख पूल रिकॉल केले, बेस्टवे, इंटेक्स, पॉलिग्रुप या मोठ्या कंपन्यांचे. कारण काय तर पायांच्या बाहेरून जाणारा पट्टा. त्याच्यावर पाय देऊन लहान मूल वर चढू शकतं, आणि २००७ ते २०२२ मध्ये नऊ लहानग्यांचे जीव असे गेले असावेत असं आयोगाचं म्हणणं आहे. एका पट्ट्याने! आपल्याकडे तर पूलला लागून प्लॅस्टिकची खुर्ची, उलटी बादली, कुंडी, पंप सगळंच असतं. पंप होजच्या लांबीइतका लांब ठेवा, बाकी सगळं उचला, आणि पोरं बाहेर आली की शिडी काढून घरात. बाहेर ठेवली तर काढल्यासारखीच नाही. शेडनेट किंवा कव्हर पाण्यावर टाकलं म्हणजे सेफ झालं असं नाही, मूल त्यावर पडलं तर कव्हरमध्ये गुरफटून खाली जातं. दंडाचे फुगे पण खेळणंच आहे. बुडणारं मूल हाका मारत नाही, हात हलवत नाही, शांतपणे जातं, त्यामुळे एक मोठं माणूस फक्त बघत बसलेलं पाहिजे, मोबाइल घरात, भाजी निवडत पण नाही. आमच्याकडे आळीपाळीने बसतो, आणि ज्याची पाळी तो उठायच्या आधी दुसऱ्याला नाव घेऊन सांगतो, "वहिनी, आता तुम्ही". सगळे आहेत म्हणजे कुणीतरी बघतंय, हे गृहीत धरण्यातच घात होतो.

मृगाच्या आधी पूल रिकामा करा. पावसाळ्यात पंप बंद पडलेला भरलेला पूल म्हणजे डेंग्यूच्या डासांना आयतं घर. दोन-तीन दिवस औषध बंद ठेवायचं, किटमध्ये पिवळा रंग यायचा थांबला की ते पाणी नारळाला, पेरूला, अंगण धुवायला सगळं वापरता येतं, विहिरीत मात्र सोडू नका. लायनर सावलीत कोरडं करून टाल्कम पावडर लावून गुंडाळा आणि उंदीर पोचणार नाहीत अशा जागी वर टांगून ठेवा.

कुणाला घ्यायचा असेल तर खाली विचारा, फक्त जागेचं माप, मुलांची वयं आणि पाणी नळाचं, बोअरचं की टँकरचं एवढं लिहा, म्हणजे नीट सांगता येईल.