बेगमी घरातली आणि घराबाहेरची

दरवर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली, की धुळे-जळगावकडच्या आमच्या नातेवाइकांमध्ये एक जुना वाद नव्याने सुरू होतो. वर्षभराचे धान्य भरून ठेवणे, डाळी-मसाले करणे, बिबड्या, कुरडया आणि पापड वाळवणे, म्हणजे ज्याला आपण एका शब्दात बेगमी म्हणतो, ती आता करायची की सोडून द्यायची? धाकट्या पिढीचे म्हणणे असे, की पुण्या-मुंबईत दहा मिनिटांत वाणसामान दारात येते आणि तालुक्याच्या गावीही आता काही अडत नाही, तेव्हा फ्लॅटमधली एक खोली कोठ्यांनी अडवण्यात अर्थ नाही. थोरल्यांचे म्हणणे असे, की ही पिढी हप्त्यांवर जगते, तिच्या घरात चार दिवसांचे पीठ नसते आणि अडीअडचणीला हातात पैसाही नसतो. गेली अनेक वर्षे जर्मनीत, श्टुटगार्टला राहून मी हा वाद फोनवरून ऐकतो आहे, आणि मला वाटते, की दोन्ही बाजू घराच्या उंबरठ्याआतच भांडत आहेत.

धाकट्यांच्या बाजूने एक मुद्दा मात्र इतका खरा आहे, की तो आधी मान्य करूनच पुढे जायला हवे. बेगमीचे कौतुक करणारे बहुतेक पुरुष असतात आणि ती करणाऱ्या बहुतेक बायका. बिबड्यांचेच घ्या. ज्वारी ओलवून कांडायची, कोंडा पाखडून काढायचा, भिजवून आंबवायची, दळायची, मग पहाटे अंधारात चूल पेटवून मोठ्या पातेल्यात तीळ, जिरे, लसूण आणि मिरची घालून घाटा शिजवायचा. एक जण पातेले धरणार आणि दुसरी गुठळी होऊ नये म्हणून लाकडी दांड्याने ढवळत राहणार. ऊन तापायच्या आत तो गरम घाटा खाटेवर पसरलेल्या ओल्या धोतरावर हाताला पाणी लावत थापायचा, आणि वाळल्यावर धोतर उलटे करून, पाठीमागून पाणी शिंपडून एकेक बिबडी सोडवायची. पारा पंचेचाळिशीला टेकलेल्या दिवसांत हे काम चालते. ज्या सुना नोकरी करतात त्यांनी हे सगळे सुट्टीच्या दिवशी करावे, अशी अपेक्षा धरणे अन्याय्य आहे. बचत गटातल्या बायकांकडून योग्य दाम देऊन बिबड्या-पापड घेतले, तर बेगमी मोडत नाही, उलट त्या कष्टांना मोल मिळते. घरी करायचे असेल तर दांडा पुरुषांनीही हातात घ्यावा.

पण म्हणून साठा करण्याची गरजच संपली, हे मला मान्य नाही, आणि त्याचे कारण मी इथे डोळ्यांनी पाहिले आहे. मार्च २०२० मध्ये जर्मनीसारख्या संपन्न देशात दुकानांतून पीठ, पास्ता आणि शौचालयाचा कागद दिसेनासा झाला होता. माल देशात नव्हता असे नाही, पण लोकांची झुंबड उडाल्यावर फळ्यांवर तो तितक्या वेगाने येत नव्हता. दुकान रोज भरले जाईल या भरवशावर सगळ्यांनीच घर रिकामे ठेवले, की पहिल्याच घबराटीत दुकानही रिकामे होते. इथले सरकारी नागरी संरक्षण खाते कितीतरी वर्षे नागरिकांना सांगत आले आहे, की शक्यतो दहा दिवस पुरेल इतके अन्न आणि माणशी रोज दोन लिटर या हिशेबाने पाणी घरात ठेवावे. आमच्या इमारतीत प्रत्येक घराला तळघरात एक कोठडी आहे. शेजारच्या आजींच्या कोठडीत आलुबुखार आणि चेरीच्या काचेच्या बरण्या वर्ष लिहिलेल्या चिठ्ठ्या लावून ओळीने मांडलेल्या असतात. नवी बरणी मागे जाते आणि जुनी पुढे येते. युद्धानंतरच्या टंचाईत त्यांचे बालपण गेले. आमच्याकडे तुरीच्या डाळीला एरंडेल चोळणाऱ्या आणि गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालणाऱ्या पिढीने १९७२ चा दुष्काळ पाहिला होता. मदत म्हणून मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली होती. त्यांच्या सवयीला जुनाटपणा म्हणणे मला जमत नाही.

थोरल्यांच्या तक्रारीतही तथ्य आहे. भारतातील कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत २०२२-२३ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ५ टक्क्यांपर्यंत खाली आली, आणि हा जवळजवळ पाच दशकांतला नीचांक मानला गेला. कर्जे वाढली हे त्यामागचे एक मोठे कारण. मात्र नव्या पिढीला उधळी ठरवण्याआधी आपल्या भागात काटकसर करणाऱ्यांचे काय झाले, हेही आठवावे. जळगाव जिल्ह्यात पतसंस्था अडचणीत आल्या तेव्हा निवृत्त शिक्षकांचे, शेतमजुरांचे, मुलीच्या लग्नासाठी पै-पै जमवणाऱ्यांचे पैसे अडकले. बँकेतल्या ठेवीला २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पण पतसंस्थांना ते लागू नाही. ज्याने आयुष्यभर पोटाला चिमटा घेतला त्याच्याच ठेवी बुडाल्या, हे पाहिलेल्या मुलांना बचतीचे महत्त्व कोणत्या तोंडाने सांगायचे? घरातल्या बेगमीला बाहेरच्या व्यवस्थेचा आधार लागतो. तो नसेल तर नुसत्या सद्गुणावर काही उभे राहत नाही.

व्यवस्थेने नुसती काटकसर केली तर काय होते, हेही मला इथेच शिकायला मिळाले. मी राहतो तो स्वाबिया प्रांत काटकसरीसाठी प्रसिद्ध आहे. २००८ मध्ये जागतिक आर्थिक संकटाच्या वेळी तत्कालीन चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी याच श्टुटगार्टमध्ये स्वाबियन गृहिणीचा दाखला दिला होता: मिळकतीपेक्षा जास्त खर्च करून कायम जगता येत नाही. पुढच्याच वर्षी सरकारी कर्जावर मर्यादा घालणारी तरतूद राज्यघटनेत आली. हिशेब चोख राहिले, पण दुरुस्त्या पुढे ढकलल्या गेल्या. पश्चिम जर्मनीतल्या ल्यूडेनशाइट शहराजवळचा राहमेडे खोऱ्यावरचा महामार्गाचा पूल डिसेंबर २०२१ मध्ये धोकादायक ठरून अचानक बंद करावा लागला आणि मे २०२३ मध्ये सुरुंग लावून पाडावा लागला. मधल्या काळात अवजड ट्रक त्या शहरातून जात राहिले. अखेर मार्च २०२५ मध्ये राज्यघटना बदलून पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोंचा वेगळा निधी उभारण्याचे ठरले. इंधनाचेही तेच. स्वस्त म्हणून निम्म्याहून अधिक वायू रशियाकडून घेतला, आणि युक्रेनचे युद्ध पेटल्यावर २०२२ मध्ये घाईघाईने कायदा करावा लागला, की १ नोव्हेंबरला वायूची कोठारे किमान ९० टक्के भरलेली हवीत. स्वस्तात घेणे ही काटकसर होती. हिवाळ्यासाठी कोठार भरलेले असणे ही बेगमी होती, आणि तिचा विसर पडला होता.

आता खानदेशाकडे पाहा. सातपुड्याच्या पायथ्याशी जाड वाळू-गोट्यांचा जो पट्टा आहे, त्याच्या पोटात शतकानुशतके पाणी मुरत आले. निसर्गाने भरून दिलेले हे आपले बळद, म्हणजे कोठार. त्याच्या जोरावर रावेर-यावलची केळी देशभर गेली. ठिबक सिंचन आपल्याकडे लवकर आले, आणि झाडामागे पाणी वाचवण्यात आपला शेतकरी कोणापेक्षा कमी नाही. तरीही भूजल खोल खोल जात राहिले, कारण वाचलेल्या पाण्यावर आणखी केळी लागली आणि विंधनविहिरी आणखी खाली गेल्या. थेंबाची काटकसर झाली, पण बळद भरायचे कोणी, हे ठरले नाही.

हे ठरवण्याची रीत आपल्याच भागात होती. पांझरा-मोसम नद्यांच्या काठच्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालची जमीन फडांमध्ये वाटलेली असे, आणि कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे सारे मिळून ठरवीत. पाटकरी क्रमाने पाणी देई, जागल्या राखण करी, आणि पाणी कमी असलेल्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवला जाई. एकेका शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत असल्यामुळे ती झळ साधारणपणे वाटली जाई. आपल्या पूर्वजांची खरी बेगमी मला कोठीतल्या गव्हापेक्षा या ठरावांत अधिक दिसते.

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तापी खोऱ्यातील महापुनर्भरण योजनेचा करार केला. पावसाळ्यातले पाणी सातपुड्याच्या पायथ्याकडे वळवून जमिनीत मुरवण्याची ही कल्पना कित्येक वर्षे कागदावर होती. ती पुढे सरकली याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु या योजनेवरच्या चर्चेत मला बहुधा एवढेच ऐकू येते, की पाणी कधी येणार आणि किती येणार. मुरवलेले पाणी कोणी, किती खोलीवरून आणि कोणत्या पिकासाठी उपसायचे, याचे नियम पाणी येण्याआधी ग्रामसभांनी बसून ठरवायला हवेत. एकदा विहिरी भरल्या आणि बागा वाढल्या, की मग कोणी कोणाचे ऐकणार नाही. गावोगावच्या भूजल पातळीच्या नोंदी चावडीवर लावाव्यात, कमी पावसाच्या वर्षी कोणते क्षेत्र कोरडे ठेवायचे हे आधीच लिहून घ्यावे, आणि ज्याचे क्षेत्र कोरडे राहील त्याला भरपाई कशी द्यायची तेही त्याच ठरावात असावे.