जुना कन्सोल विकण्यापूर्वी : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गोव्यातील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा : नवे कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायची यंत्रे, इतके ताकदवान आहेत की मागच्या पिढ्यांचे सगळे गेम त्यांवर चालतात, डिस्क घातली की काम झाले, इंटरनेटही लागत नाही, जुन्या सेव्ह (गेम कुठवर खेळला याच्या साठवलेल्या नोंदी) आपोआप नव्या यंत्रावर येतात, एखादा गेम चालला नाहीच तर तो कंपनीच्या ऑनलाइन सेवेच्या वर्गणीत मिळतो, आणि आपल्या दमट हवेत जुने यंत्र सडणारच आहे, तेव्हा चवथीपूर्वी ते विकून नवे घ्यावे. आपल्याकडे कित्येक घरांत बोटीवर किंवा आखातात नोकरी केलेल्या माणसांनी आणलेले सोनीच्या प्लेस्टेशन २ आणि ३ चे गेम अजून जपून ठेवलेले आहेत. या संदेशावर विसंबून यंत्र विकले, तर तो सगळा संग्रह निरुपयोगी होतो. म्हणून त्यातील प्रत्येक दावा तपासून पाहणे आवश्यक वाटते.

संदेशात जेवढे खरे आहे तेवढे आधी मान्य केले पाहिजे. लगतच्या मागच्या पिढीपुरता तो बव्हंशी बरोबर आहे. प्लेस्टेशन ४ च्या चार हजारांहून अधिक गेमपैकी बहुतेक सगळे प्लेस्टेशन ५ वर चालतात. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वनचे गेम, हालचाली ओळखणाऱ्या किनेक्ट कॅमेऱ्यावर अवलंबून असलेले वगळता, नव्या एक्सबॉक्स सिरीज एक्सवर चालतात. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच २ वर पहिल्या स्विचची बहुतेक कार्ट्रिज चालतात. दोन पिढ्या मागे गेले की मात्र चित्र पालटते, आणि संदेशात नेमकी हीच सीमा पुसून टाकलेली आहे.

यंत्र जितके ताकदवान तितके जुने गेम अधिक चालतात, हा संदेशातील मूळ गैरसमज आहे. गेम एखाद्या विशिष्ट प्रोसेसरच्या आज्ञांमध्ये आणि विशिष्ट ग्राफिक्स चिपच्या वेळापत्रकावर लिहिलेला असतो. नवा प्रोसेसर कितीही वेगवान असला, तरी त्याला त्या आज्ञा समजत नसतील तर वेगाचा काहीच उपयोग होत नाही. याचा सर्वांत बोलका पुरावा प्लेस्टेशन ३ हाच आहे. २००६ साली तो आला तेव्हा प्लेस्टेशन २ पेक्षा कितीतरी पटींनी ताकदवान होता; तरीही जुने गेम चालावेत म्हणून सोनीला प्लेस्टेशन २ चा मुख्य प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप प्रत्यक्ष त्याच्या आत बसवावी लागली. २००७ मध्ये युरोपसाठी काढलेल्या यंत्रांतून खर्च वाचवण्यासाठी तो प्रोसेसर काढला गेला आणि त्याचे काम सॉफ्टवेअरवर सोपवले गेले, तेव्हा काही गेम गळाले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात आलेल्या ४० जीबीच्या यंत्रातून दुसरी चिपही गेली आणि प्लेस्टेशन २ च्या डिस्क चालणे पूर्णपणे थांबले. म्हणजे एकाच नावाच्या, एकाच ताकदीच्या यंत्रांपैकी काहींवर जुने गेम चालतात आणि काहींवर नाही. आपल्या घरातील जाड बांध्याच्या पहिल्या प्लेस्टेशन ३ च्या समोरच्या बाजूस यूएसबीची चार छिद्रे असतील, तर ते यंत्र प्लेस्टेशन २ च्या डिस्क कमी-अधिक प्रमाणात चालवते. दोनच असतील तर चालवत नाही. असे चार छिद्रांचे यंत्र ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ते कुणाच्याही सांगण्यावरून विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढे २०१३ साली प्लेस्टेशन ४ आला तो संगणकात वापरल्या जाणाऱ्या एक्स ८६ जातीच्या प्रोसेसरवर. प्लेस्टेशन ५ त्याच घराण्यातील असल्यामुळे त्या दोघांचे जमते. प्लेस्टेशन ३ मधील सेल प्रोसेसर मात्र वेगळ्याच घडणीचा होता : एक मुख्य गाभा आणि त्याच्या हाताखाली गेमसाठी सहा सहायक गाभे, ज्यांच्यात काम वाटून देण्याची जबाबदारी गेम लिहिणाऱ्यावर असे. ही घडण दुसऱ्या प्रोसेसरवर हुबेहूब उभी करणे फार कष्टाचे आहे, आणि सोनीने प्लेस्टेशन ४ वर किंवा ५ वर प्लेस्टेशन ३ ची डिस्क चालण्याची सोय कधीच दिली नाही. प्लेस्टेशन १ आणि २ च्या डिस्कही या दोन्ही यंत्रांवर चालत नाहीत. पहिल्या प्लेस्टेशनचे गेम सीडीवर येत असत, आणि प्लेस्टेशन ५ ची ड्राइव्ह सीडी वाचतच नाही. २००९ साली भारतात तयार झालेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा प्लेस्टेशन २ चा गेम ज्यांनी हौसेने घेतला, त्यांना ती डिस्क आज खेळायची असेल तर जुने यंत्रच लावावे लागेल.

‘डिस्क घातली की झाले’ हा दावा डिस्कची ड्राइव्ह असलेल्या यंत्रापुरताच विचारात घेता येतो. एक्सबॉक्स सिरीज एस, प्लेस्टेशन ५ ची डिजिटल आवृत्ती आणि २०२४ मधील प्लेस्टेशन ५ प्रो यांत ड्राइव्ह मुळातच नाही. नव्या बारीक प्लेस्टेशन ५ ला आणि प्रोला ती वेगळी विकत घेऊन जोडता येते, पण जोडल्यानंतर पहिल्यांदा इंटरनेटवरून तिची नोंद करावी लागते.

इंटरनेट लागत नाही, हे विधान एक्सबॉक्स वनच्या आधीच्या एक्सबॉक्स ३६० च्या गेमच्या बाबतीत तर सरळ उलटे आहे. ३६० ची डिस्क सिरीज एक्समध्ये घातली की यंत्र ती ओळखते, पण गेम तिच्यावरून चालवत नाही. मायक्रोसॉफ्टने नव्या यंत्रासाठी बांधून ठेवलेली त्या गेमची प्रत ते डाउनलोड करू लागते. डिस्क केवळ मालकीचा पुरावा म्हणून आत राहते आणि प्रत्येक वेळी खेळताना घालावी लागते. अशी प्रत ज्या गेमची बांधलेली नाही, त्याची डिस्क कितीही स्वच्छ असली तरी तो गेम सुरू होत नाही. ३६० चे सहाशेहून थोडे अधिक आणि मूळ एक्सबॉक्सचे साठेक गेमच या सोयीत आले. नोव्हेंबर २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने सत्तरहून अधिक गेमची शेवटची भर घातली आणि परवाने, कायदा व तंत्र या तिन्ही अडचणींमुळे यापुढे जाता येत नाही, असे जाहीर केले. परवान्यांचा मुद्दा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. गेममधील गाणी, खऱ्या मोटारींची नावे, खेळाडूंचे चेहरे हे सगळे ठरावीक मुदतीच्या करारांवर घेतलेले असते, आणि मुदत संपली की तांत्रिकदृष्ट्या चालू शकणारा गेमही पुन्हा वाटता येत नाही.

बाहेरून आणलेल्या डिस्कच्या बाबतीत आणखी एक अडचण गोव्यात नेहमी येते. प्लेस्टेशन ४ ची अमेरिकेत घेतलेली डिस्क इथल्या यंत्रावर चालते, कारण त्या पिढीत डिस्कवर प्रदेशाचे कुलूप नाही. मात्र त्या गेमचे अतिरिक्त भाग भारतीय खात्यावरून विकत घेतले तर ते सहसा जुळत नाहीत, आणि खात्याचा देश मागाहून बदलता येत नाही. बोटीवरच्या मामाने डिस्क आणली असेल, तर पैसे भरण्यापूर्वी ती कोणत्या देशातील आहे हे पाहून घ्यावे.

सेव्ह आपोआप येतात, हेही खरे नाही. प्लेस्टेशन ४ च्या सेव्ह यूएसबीवरून, घरच्या नेटवर्कवरून किंवा वर्गणी असल्यास क्लाउडमधून हलवता येतात, पण ते काम आपल्यालाच करावे लागते. शिवाय त्याच गेमची प्लेस्टेशन ५ आवृत्ती घेतली, तर तिची सेव्ह वेगळी धरली जाते; काही गेम जुनी सेव्ह आत घेण्याची सोय देतात, काही देत नाहीत. ३६० वरील सेव्ह जुन्या यंत्रावरूनच क्लाउडवर चढवाव्या लागतात, आणि ते यंत्र विकून टाकल्यावर हा मार्ग उरत नाही.

वर्गणीचा दावा भारतात विशेष फसवा ठरतो. सोनीच्या प्लेस्टेशन प्लस या वर्गणीच्या सर्वांत वरच्या श्रेणीत काही देशांत प्लेस्टेशन ३ चे गेम मिळतात ते सोनीच्या सर्व्हरवर चालवून, इंटरनेटवरून आपल्या पडद्यावर पाठवले जातात. भारतात ही प्रवाहाची सेवाच नाही, म्हणून इथे त्या श्रेणीऐवजी डिलक्स नावाची श्रेणी विकली जाते. पणजीत बसून जादा पैसे भरले तरी प्लेस्टेशन ३ चा तो संग्रह उघडत नाही. वर्गणीतील गेम मुदतीनंतर काढूनही घेतले जातात. कन्सोलवरच्या ऑनलाइन दुकानांचीही तीच गत आहे : वी यू आणि ३ डीएस या जुन्या यंत्रांवरील निन्टेंडोच्या दुकानात मार्च २०२३ पासून खरेदी बंद आहे आणि ३६० चे दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झाले. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार २०१० पूर्वी तिथे प्रकाशित झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्धच नाहीत. ‘नाही चालला तर वर्गणीत मिळेल’ असे म्हणणाऱ्याने हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

जुने यंत्र ठेवूनही न चालणारे गेम आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. युबिसॉफ्ट कंपनीच्या ‘द क्रू’ या गेमला एकट्याने खेळतानाही सर्व्हर लागत असे, ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि त्याच्या डिस्क सगळ्याच यंत्रांवर निकामी झाल्या. पण असे गेम प्रामुख्याने अलीकडचे आहेत. प्लेस्टेशन २ च्या बहुतेक डिस्कना बाहेरच्या कशाचीच गरज नसते.

राहिला दमट हवेचा मुद्दा. पावसाळ्यात आपल्याकडे जोडण्या गंजतात, पंख्यात धूळ ओलसर होऊन बसते, डिस्कच्या कव्हरातील कागदाला बुरशी येते, हे सगळे खरे आहे. पण ते टाळता येते. यंत्र बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. बंद ठेवायचे असेल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात आणि मधूनमधून बाहेर काढून ते चालू करावे, कारण चालताना निर्माण होणारी ऊब आतली ओल घालवते. डिस्क त्यांच्या कव्हरात उभ्या ठेवाव्यात. प्लेस्टेशन २ चे ८ एमबीचे मेमरी कार्ड यंत्रातच अडकवून न ठेवता वेगळ्या कोरड्या डबीत ठेवावे, कारण त्या गेमच्या सेव्ह त्या कार्डाखेरीज आणखी कुठेही नसतात.